उरलेला शब्द

"साहेब, पानी एकदाच येनार हाय का दोनदा?"

टेंभोळी बुद्रुकचे पोलिस पाटील दौलतराव माने यांनी फोनवर मला हे विचारलं, तेव्हा सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी आठवते, कारण त्यानंतरचे दोन तास मी घड्याळावरून नजर काढली नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हंजी असं बघा. सकाळी तुमचा मेसेज आला, पानी साडेधाच्या सुमाराला पोचंल. आमी दवंडी दिली, नदीतली मानसं-जनावरं वर काढली. पानी आलंबी. आत्ता माझ्या डोळ्यांम्होरं फरशी पुलावरनं चाललंय. पर त्या मेसेजमागं लगोलग दुसरा आला हुता, तुमचाच. त्यात साडेबारा लिवलंय. मग हे साडेबाराचं कुठलं?"

"चुकून गेला असेल. सोडून द्या."

"सोडून दिऊ?"

"पहिला बरोबर निघाला ना? मग झालं तर."

मी फोन ठेवला. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि आपल्या हातून चूक होऊ शकते, हे मला तोवर कुणी पटवून दिलेलं नव्हतं. आज या गोष्टीला चौदा वर्षं झाली. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. का नाही, ते पुढे कळेल.

सातपिंपरी धरणाच्या पायथ्याशी आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, एक बाभूळ आणि कायम गरम हवा फेकणारा एक कूलर. मी तिथे कंत्राटावर होतो. एप्रिलमध्ये आमची नदी म्हणजे नुसती वाळू. त्या वाळूत माणसं कलिंगडं-खरबुजं लावतात, झोपड्या घालून राहतात, शेरडं बांधतात. उन्हाळ्यात एकदा खालच्या बंधाऱ्यांसाठी धरणातून पाणी सोडलं जायचं आणि त्याआधी नदीकाठच्या एकवीस गावांना निरोप द्यावा लागायचा, की अमुक वेळेला तुमच्याकडे पाणी पोचेल, पात्र रिकामं करा.

हे काम गंगाराम सावरे करायचे. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. वायरलेसवर आणि फोनवर त्यांची तीस वर्षं गेली होती. एकेका गावाला फोन लावायचा, गावाचं नाव आणि वेळ सांगायची आणि पलीकडचा माणूस ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवेपर्यंत फोन सोडायचा नाही, अशी त्यांची पद्धत. एकवीस गावांना त्यांचे अडीच तास जायचे. मी लिहिलेल्या प्रोग्रामला चार मिनिटं लागायची. ऑफिसचे मुख्य साहेब बेहद्द खूश होते आणि मी तर हवेतच होतो.

प्रोग्रामचं नाव 'इशारा'. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची आणि एंटर दाबायचं. ओळ रोमन अक्षरांत असायची, इथे देवनागरीत लिहितो:

इशारा --गाव वडजी --वेळ 9.15

दोन आडव्या रेघा आणि शब्द आला, की प्रोग्रामला कळायचं, आता काय येणार आहे. 'गाव'नंतर येईल ते गावाचं नाव, 'वेळ'नंतर येईल ती वेळ. मग तो यादीतून त्या गावचे सरपंच आणि पोलिस पाटील यांचे नंबर काढायचा, त्यांना मेसेज पाठवायचा आणि पडद्यावर लिहायचा, 'पोचला'. पावसाळ्यात हे सगळं सोपं, कारण पूर आला तर सगळ्या गावांना एकच निरोप जायचा आणि नाव टाइप करायची गरजच नसायची. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक गावाची वेळ वेगळी, म्हणून एकवीस ओळी वेगवेगळ्या टाइप करायच्या. तो पहिलाच उन्हाळा होता.

त्या दिवशी सकाळी पावणेसातला या एकवीस ओळी तात्यांनीच टाइप केल्या होत्या, दोन बोटांनी, ओठ हलवत. मी शेजारी बसून पोहे खात होतो. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं होतं, "साहेब, टेंभोळी खुर्दला मेसेज गेला ना नक्की? आमची रेणुका तिथं नदीत कलिंगडाच्या वाडीवर आहे. जावई आज बाजारला जाणार, ती एकटीच लेकराला घेऊन."

मी पडद्याकडे बोट दाखवलं. "पोचला, लिहिलंय ना तात्या."

दौलतरावांचा फोन ठेवल्यावर मला हे आठवलं. साडेबारा ही वेळ कुणाची, ते मला पाठ होतं. टेंभोळी खुर्दची. बुद्रुकच्या खाली नऊ किलोमीटर, नदीच्या पलीकडच्या काठावर.

प्रोग्राम काय समजला आणि त्यानं काय केलं, याची नोंद तो एका फाइलीत ठेवायचा. मी ती उघडली.

टेंभोळी – बुद्रुक – 10.30 – पोचला.

टेंभोळी – बुद्रुक – 12.30 – पोचला.

मी तीनदा वर-खाली केलं. एकवीस ओळी होत्या, पण खुर्द कुठेच नव्हतं.

शोधाशोध करायची गरज नव्हती. ओळ बघताक्षणीच मला सगळं कळलं. यंत्राच्या लेखी मोकळी जागा म्हणजे शब्द संपला. दोन शब्दांचं नाव असेल, तर ते अवतरणचिन्हांत घालावं लागतं, नाहीतर प्रोग्राम पहिला शब्द घेतो आणि दुसरा हातात उरतो. आता आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द काही कमी नाहीत. पण सातबाऱ्यावर म्हणा, पाटीवर म्हणा, गावाच्या नावाला अवतरणचिन्हं लावलेली कुणी पाहिलीत? तात्यांनीही कधी लावली नव्हती. आयुष्यभर लिहिलं तसंच त्यांनी टाइप केलं: टेंभोळी खुर्द.

सुरुवातीला प्रोग्राम अशा वेळी अडायचा. 'खुर्द' हा शब्द कशाचा ते समजत नाही, असं लाल अक्षरांत सांगून जागीच थांबायचा. एक अक्षर पुढे जायचा नाही. मार्च महिन्यात वरचे अधिकारी बघायला आले होते. तात्यांनी त्यांच्यासमोर ओळ टाइप केली आणि प्रोग्राम अडला. तात्या म्हणाले, "सरावात हे असं रोजच अडतंय, साहेब." सगळे हसले. मी ओशाळलो. त्याच संध्याकाळी मी त्याचा बंदोबस्त केला. खरं म्हणजे दोन शब्दांचं नाव घ्यायला त्याला शिकवायचं होतं. दहा-बारा ओळींचं काम. पण त्यापेक्षा एका ओळीचं काम सोपं होतं: जास्तीचा शब्द आला, तर काही न बोलता टाकून दे. आणि त्या नावाची दोन गावं निघाली, तर यादीत आधी असेल ते घे. यादीत आधी बुद्रुक होतं.

त्यानंतर प्रोग्राम कधी अडला नाही. तात्यांनी माझं कौतुकसुद्धा केलं होतं.

घड्याळात दहा एकतीस.

मी टेंभोळी खुर्दच्या सरपंचांना फोन लावला. बंद. पोलिस पाटलांना लावला. बंद. मंगळवार म्हणजे त्या भागात दिवसभर वीज नसायची, फोन चार्ज कुठून असणार? धरणावर फोन करून दरवाजे बंद करायला सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण साडेतीन तासांपूर्वी सुटलेलं पाणी दरवाजे बंद करून माघारी येत नाही.

मग दौलतराव. त्यांच्या गावातून कुणी काठानं खाली गेलं, तर पाण्याच्या आधी खुर्दपाशी पोचणार होतं. हे मला तेव्हाही लख्ख दिसत होतं. मी त्यांचा नंबर फिरवला. एंगेज लागला. आणि मी खोटं बोलत नाही, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं मला. कारण त्यांना काय सांगायचं होतं? की दहा मिनिटांपूर्वी मी 'सोडून द्या' म्हणालो ते चुकीचं होतं? की माझ्या प्रोग्रामनं एक अख्खं गाव गाळलं? पोलिस पाटलाला सांगितलं म्हणजे ते तहसीलला गेलं, तहसीलला गेलं म्हणजे साहेबांकडे आलं.

पुन्हा लावावा म्हणून हात रिसीव्हरकडे गेला, तेवढ्यात तात्या दारात आले.

"काय झालं साहेब? तोंड का असं?"

"तात्या," मी म्हणालो, "खुर्दला मेसेज गेलेला नाही."

 त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खिशातून मोबाइल काढला आणि जावयाला लावला. घंटी वाजत राहिली. बाजारच्या गलक्यात कुठे ऐकू जाणार? दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा. 

"साहेब जीप घेऊन गेलेत ना?"

"हो. जिल्ह्याला, मीटिंगला."

"तुमची गाडी काढा."

ऑफिसपासून खुर्द रस्त्यानं चौपन्न किलोमीटर. नदी सरळ जायची, रस्ता डोंगराला वळसा घालून. मोटरसायकलला दीड तास, जोरात हाणली तर सव्वा. दहा चाळीसला आम्ही निघालो. तात्या मागे बसले.  त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते आणि खड्डा आला की बोटं रुतायची. ऊन असं होतं की डांबर चकाकत होतं. मी मनात सारखा एकच हिशोब करत होतो: बारा वाजेपर्यंत पोचू, साडेबाराला पाणी येईल, अर्धा तास हातात आहे. अर्ध्या तासात माणसं निघतात. निघतातच. पुन्हा पहिल्यापासून: बारा वाजेपर्यंत पोचू...

खिंडीच्या अलीकडे एक पेट्रोलपंप होता. पंपाच्या कचेरीवर पिवळी पाटी होती, एस.टी.डी.ची. त्या सगळ्या रस्त्यावर फोनची खात्रीची जागा तेवढीच, पुढे मोबाइलला रेंज नसायची. तात्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"थांबा साहेब. थांबा जरा."

मी वेग कमी केला.

"बुद्रुकच्या पाटलाला फोन करू. दौलतराव माणूस चांगला आहे. त्याला सांगू, काठानं कुणाला तरी पिटाळ म्हणून." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं असावं. "का तुम्ही सांगितलंय त्याला?"

मागे वळून बघायची मला हिंमत नव्हती. माझ्यासमोर पंप होता, पिवळी पाटी होती, कचेरीत एक माणूस वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेला दिसत होता. मी थांबलो असतो, तर तात्यांनी फोन लावला असता, आणि दौलतराव म्हणाले असते, तुमच्या साहेबांनीच तर सोडून द्या म्हणून सांगितलं.

"सांगितलंय," मी म्हणालो.

"दौलतरावांना?"

"हो. सांगितलंय त्यांना. चला."

"देव तुमचं भलं करो," तात्या म्हणाले आणि त्यांची बोटं माझ्या खांद्यांवर सैल झाली.

मी गाडी हाणली. पंप मागे गेला.

त्या खिंडीतली भीती मी शब्दांत सांगू शकेन, असं मला वाटत नाही. आधी मी पाण्याला भीत होतो. आता मागे बसलेल्या माणसाला भीत होतो. खांद्यावरची त्याची सैल बोटं मला जड वाटत होती. दर वळणावर मी ठरवत होतो, पुढचं वळण आलं की सांगायचं. तात्या, फोन झालेला नाही, आपण परत फिरू, पंप चारच किलोमीटर मागे आहे. चाराचे सहा झाले, सहाचे नऊ झाले. मग परत फिरण्यात अर्थ उरला नाही आणि त्याचंसुद्धा मला बरं वाटलं. माणूस किती हलका होऊ शकतो, ते मी त्या खिंडीत पाहिलं.

तात्या मात्र आता बोलायला लागले होते. माझ्यावर विश्वास टाकून मोकळे झाले होते ना! रेणुकाबद्दल सांगत होते. सासरची वाडी चांगली पिकते, पण पोरगी रात्रंदिवस वाळूत राहायची म्हणजे काळजी वाटते. नातू दोन वर्षांचा. नुकताच पळायला शिकलाय, हातात सापडत नाही. "दौलतराव ट्रॅक्टर काढेल," ते म्हणाले. "तसा तो हालचाल करणारा माणूस आहे. तुम्ही वेळेवर सांगितलंत."

मी 'हं' म्हणालो.

बारा वाजायला पाच कमी असताना आम्ही टेंभोळी खुर्दच्या उतारावर आलो. तिथून नदी दिसते. दिसते म्हणजे पांढऱ्या वाळूचा रुंद पट्टा दिसायला हवा होता. तो दिसला नाही. या काठापासून त्या काठापर्यंत गढूळ, फेसाळ पाणी होतं आणि ते जोरात चाललं होतं. पंधरा दिवसांपूर्वी दरवाज्यांच्या चाचणीसाठी थोडं पाणी सोडलं होतं, वाळू आतून ओली होती. पाणी जिरलंच नव्हतं. अर्ध्या तासाहूनही आधी आलं होतं.

तात्या गाडी थांबायच्या आत उतरले. उतरले म्हणजे पडलेच. उठून पळत सुटले. मी गाडी तशीच टाकून मागे पळालो. काठावर चिटपाखरू नव्हतं. पात्राच्या मध्यावर, जिथे वाड्या होत्या, तिथे बाभळीची दोन खांडं पाण्याबाहेर होती आणि त्यांना अडकून पाचटाचं एक छप्पर हेलकावत होतं. कलिंगडं वाहत चालली होती. हिरवी, गोल, एकामागून एक. एक निळी घागर गेली. मग एक लहानसं दोरीचं बाजलं, उलटं.

"रेणुके!" तात्या ओरडले. "रेणुके गं!"

ते पाण्यात शिरले. गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी घातली. ते मला ओढत होते. एवढ्याशा म्हाताऱ्या अंगात इतकं बळ कुठून आलं, कोण जाणे. "सोडा, सोडा मला साहेब, पोरगी आहे तिथं!" आणि मी त्यांना धरून काय बोलत होतो, ते मला आजही ऐकू येतं. "मी नाही केला फोन," मी म्हणत होतो. "तात्या, मी नाही केला." पाण्याच्या आवाजात त्यांना त्यातलं काहीही ऐकू गेलं नाही.

"आप्पा! आवो आप्पा!"

हाक पाठीमागून आली. आम्ही दोघंही वळलो. वर, गावाच्या अंगाला, मारुतीच्या पाराकडून एक बाई पळत येत होती, वडिलांना आप्पा म्हणणारी रेणुका. कडेवर पोर होतं. पोर मजेत होतं, हातात बिस्किट होतं. तात्या पाण्यात तसेच उभे राहिले. मग मटकन खाली बसले आणि पाणी त्यांच्या छातीपर्यंत आलं. रेणुकेनं आणि मी धरून त्यांना बाहेर काढलं.

पाराजवळ एक ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीसकट. ट्रॉलीत चार बाया, सात-आठ पोरं, भांडीकुंडी, दोन शेरडं. शेजारी पांढऱ्या मिशांचा, उंच, माजी फौजी वाटावा असा माणूस उभा होता. मी त्यांना पूर्वी पाहिलेलं नव्हतं, पण आवाजावरून लगेच ओळखलं.

"धा मिन्टाचा खेळ हुता," दौलतराव सांगत होते. "वाळूत ट्रॅक्टर घातला, सगळ्यास्नी भरलं, आन् ह्या अंगाला चडलो, तवर मागं पानी. आता माझं गाव ऱ्हायलं पलीकडं. आज हितंच जेवावं लागनार."

तात्यांनी त्यांचे पाय धरले. दौलतरावांनी त्यांना उठवलं. "आरं, काय हे!"

"तुमचे उपकार फिटायचे नाहीत पाटील," तात्या म्हणाले. रडत होते आणि हसतही होते. माझ्याकडे हात करून म्हणाले, "आणि ह्या साहेबांचे. ह्यांनी तुम्हाला वेळेवर फोन केला म्हणून..."

मला त्या क्षणी पाण्यात जायचं होतं.

"ह्येंनी?" दौलतराव माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "हे टिळेकरसाहेब व्हय? न्हाई बुवा. मीच ह्येंना केला हुता फोन. म्हनलं, साडेबाराचा मेसेज कुनाचा? तर हे म्हनले, चुकून गेलाय, सोडून द्या. पर माझ्या मनाला काय त्ये पटंना. येळ लिवलीय म्हंजी कुनाची तरी असंलच की. आमच्याकडं दोन आले, म्हंजी कुनाला तरी एक कमी पडला. साडेबाराला पानी कुठं पोचतं? खुर्दला. हितं चार फोन लावून बघितले, समदे बंद. मग म्हनलं, बोलत बसन्यापरीस जावावं."

एवढं बोलून ते शेरडं उतरवायला गेले. माझा प्रोग्राम उरलेला शब्द टाकून देत होता. या माणसानं उरलेली वेळ हातात धरून ठेवली आणि ती कुणाची, हे शोधत ट्रॅक्टर घेऊन निघाला.

तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांच्या धोतरातून पाणी गळत होतं. ते मला एखादी मारतील असं मला वाटलं, आणि मारावी असंही वाटलं.

"पंपावर मी थांबा म्हणालो होतो," ते म्हणाले.

"हो."

"तुम्ही म्हणालात, सांगितलंय."

"तात्या, मी लावला होता. एंगेज लागला."

"किती वेळा लावला?"

"एकदा."

त्यांनी मान हलवली. नातवाला रेणुकेच्या कडेवरून घेतलं, त्याच्या हातातलं ओलं बिस्किट नीट धरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीनचं मी धरत नाही साहेब. त्याला जेवढं कळलं, तेवढं त्यानं केलं. त्याला मी काही विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

परत मी एकटाच आलो. ते मुलीकडे राहिले. संध्याकाळी ऑफिसात बसून मी प्रोग्राम दुरुस्त केला. पुढच्या दोन रेघा येईपर्यंत जेवढे शब्द येतील, तेवढे गावाच्या नावात धर. नाव दोन गावांना लागू पडलं, तर थांब आणि विचार. एकही शब्द उरला, तर पुढे जाऊ नको. वीस मिनिटं लागली.

चौथ्या दिवशी साहेबांनी दोघांना समोर बसवून चौकशी केली. प्रोग्रामची चूक मी कबूल केली. ती कबूल करायला सोपी होती, त्यात कुणाचा चेहरा नव्हता. तात्यांनीही आपला जबाब दिला. मी टाइप केलं, अवतरणचिन्हं लावली नाहीत, चूक माझीही आहे. साहेब लिहून घेत होते. मग त्यांनी पेन थांबवून विचारलं, "पण वाटेत कुठून तरी बुद्रुकला फोन करायचा होता. का केला नाही?"

तात्या म्हणाले, "ते टिळेकरसाहेब सांगतील."

 मला माहीत होतं, ते मला एक संधी देत आहेत. पंपाचं नाव घेतलं असतं, तर झालं असतं. कंत्राट मे महिन्यात संपत होतं, घरी आई-वडील होते, ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी फक्त भीती होती, नदीकाठी होती तीच.

"वाटेत कुठे फोन नव्हता, सर," मी म्हणालो.

साहेबांनी ते लिहिलं. तात्यांनी ऐकलं. मग कागद पुढे ओढून त्यांनी खाली सही केली.

त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या सात महिन्यांत ते वेळेवर आले, नीट काम केलं, माझ्याशी बोलतानाही आवाज कधी चढवला नाही. फक्त मला त्यांनी पुन्हा काहीही विचारलं नाही. मेसेज गेला का, असंसुद्धा नाही. ओळ टाइप करून झाली, की ते उठून कोपऱ्यातल्या फोनकडे जायचे आणि एकवीसच्या एकवीस गावांना स्वतः फोन लावायचे.